थांबणारी जाहिरात

या पानावर लोक जे लिहितात ते मी दोन-अडीच वर्षं वाचतोय. खरं सांगू? करमणूक म्हणून वाचतो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की चहा आणि तुमचे अनुभव. चिंचेखालची बाई, बंद खोलीतले पावलांचे आवाज... वाचायचं, गालात हसायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. माझा धंदाच असा आहे की त्यात 'आपोआप' असं काही नसतं. टीव्ही आपोआप चालू झाला म्हणून लोक घाबरून फोन करतात. मी जातो, तर रिमोट उशीखाली दाबला गेलेला असतो. पडद्यावर कुणाची तरी सावली दिसते म्हणतात, ती पॅनेलची खराबी असते. पंधरा वर्षांत मला उत्तर सापडलं नाही अशी एकही सावली भेटली नव्हती. म्हणून आज मीच इथे लिहायला बसलोय याची थोडी लाज वाटते, हे आधीच सांगून टाकतो.

गाव खटकचिंचोळी, तालुका भालकी, जिल्हा बीदर, म्हणजे कर्नाटकात. बस स्टँडजवळ माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे आणि दुकानापासून चालत पाच मिनिटांवर घर. नवीन टीव्ही बसवणं, जुना दुरुस्त करणं, डिश, वाय-फाय – सगळं करतो. माझं खरं नाव गावात निम्म्या लोकांना माहीत नसेल. सगळ्यांसाठी मी 'टीव्ही अण्णा'.

आणि गेल्या तीन-चार वर्षांत या टीव्ही अण्णाची ख्याती एकाच गोष्टीसाठी आहे. जाहिराती काढणे.

तुमच्याकडेही स्मार्ट टीव्ही असेल तर मी काय म्हणतोय ते कळेल. पूर्वी टीव्ही लावला की बातम्या नाहीतर सिरीयल लागायची. आता टीव्ही लावला की आधी अर्धा पडदा भरून जाहिरात. रमी खेळा, गादी घ्या, कर्ज घ्या. होम स्क्रीनवर जाहिरात, गाण्याआधी जाहिरात, गाणं रंगात आलं की मध्येच जाहिरात. नुसता चालू ठेवून तुम्ही जेवायला बसलात तरी त्याचं आपलं चालूच. वर तो टीव्ही तुम्ही काय बघता ते टिपून ठेवतो आणि परस्पर कळवतो. आपल्या घरात आपणच पाट मांडून एका चहाडखोराला बसवायचं, असा तो प्रकार. मला याची मनापासून चीड आहे. म्हणून मी एकेक उपाय शिकत गेलो. 'बघण्याची माहिती पाठवा' हे सेटिंगच्या पोटात खोलवर लपवलेलं असतं, ते बंद करायचं. जाहिरातीच्या पत्त्यांना दारातूनच परत पाठवणारा नंबर नेटवर्कमध्ये भरायचा. होम स्क्रीन 'फक्त ॲप्स' वर ठेवायची. मायक्रोफोन बंद. अर्धा तास लागतो. झालं की पडदा सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ. आमच्याकडच्या मेहकरपासून मुडबीपर्यंत किती घरांत मी हे केलं असेल, हिशोब नाही. एका मास्तरांनी तर हातच जोडले होते – "अण्णा, घरात शांतता आली बगा."

आता माझ्या मायबद्दल.

मायचं वय सत्तरच्या आत-बाहेर. माहेर मुडबी. गल्लीत तिच्याइतकी बोलकी बाई दुसरी नव्हती. बाजारात कन्नड, बांगडीवाल्या खालाबरोबर दखनी, घरात आपली मराठी... आणि भांडायचं झालं तर तिन्ही एकदम. दारातून जाणारा माणूस ओळखीचा असो-नसो, "कुटं निगालास? जेवलास का?" हे विचारल्याशिवाय ती त्याला पुढे जाऊ द्यायची नाही. मी लहानपणी वैतागायचो. शाळेला उशीर व्हायचा आणि ही वाटेत प्रत्येक उंबऱ्याशी थांबायची.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर तिला लकवा मारला. बीदरला नेलं, जीव वाचला. उजवा हात गेला, पाय थोडा आला. पण वाचा गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, कळतंय सगळं, पण शब्द बाहेर येण्याची वाट बंद झालीय. व्यायाम करा, बोलत राहा, कधी येईल सांगता येत नाही. स्पीच थेरपीच्या मॅडमनी चित्रांची कार्डं दिली – गाय, तांब्या, सूर्य. मी रोज सकाळी कार्डं घेऊन बसायचो. "माय, हे काय?" ती कार्डाकडे बघायची, माझ्याकडे बघायची, ओठ हलवायची आणि डोळ्यांतून पाणी काढायची. आठ महिने. आठ महिन्यांत एक शब्द नाही. जिने कधी कुणाला बोलल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही, ती बाई घरात बसून माणसं येताना-जाताना नुसती बघायची. ते बघणं मला सहन व्हायचं नाही, हेही कबूल करतो. मी कामं वाढवून घेतली.

तिची बाज बाहेरच्या खोलीत, समोर त्रेचाळीस इंची टीव्ही. माझी बायको संगीता दुपारी तिला भीमगीतं लावून द्यायची आणि आत स्वयंपाकघरात कामाला लागायची. मायला गाणी ऐकायला आवडायची, डावा हात मांडीवर ठेका धरायचा. पण आमच्या घरचा टीव्ही... काय सांगू. सगळ्या तालुक्याच्या जाहिराती काढणाऱ्या माणसाच्या घरात सगळ्या जाहिराती तशाच होत्या. संगीता टोमणे मारायची, "गावाचे टीव्ही धुऊन काडायलाव, आपल्या टीव्हीला कवा न्हाऊ घालणार?" मी म्हणायचो, रविवारी करतो. रविवार आला की कुणाचा तरी फोन यायचा.

दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. रात्री जेवायला बसलो तर संगीता हळूच म्हणाली, "ऐकलाव का... आत्याबाई बोलायल्यात."

माझा घास हातातच राहिला. "कवा?"

"दुपारी. मी भाकरी करायलते. बाहेरून 'व्हय' म्हणल्याचं ऐकू आलं. मला वाटलं टीव्हीच बोलतोय. बगते तर आत्याबाईच. परत म्हणल्या, व्हय."

मी उठून मायपाशी गेलो. "माय, व्हय म्हण की. एकदा म्हण." तिने माझ्याकडे बघितलं, हसली, पण शब्द नाही. मला वाटलं दमली असेल. पुढचे आठ-दहा दिवस संगीता रोज काहीतरी सांगायची. आज 'बरी हाय' म्हणाल्या. आज 'तूर' म्हणाल्या. आज 'बस की ग' म्हणाल्या. एके दिवशी तर आख्खं वाक्य – "हात चालंना बग. सूनबाई करती सगळं." हे संगीताने मला दोनदा सांगितलं, कारण मायनं तोंडावर तिचं कौतुक कधी केलेलं नव्हतं.

आता इथे माझी चूक सांगतो. मी एकदाही विचारलं नाही की माय हे कुणाशी बोलते. माझ्या डोक्यात एकच – कार्डांचा व्यायाम लागू पडला. मॅडमना फोन करून मोठेपणाने सांगितलं. त्या म्हणाल्या घेऊन या. नेलं. तिथे माय पुन्हा दगडासारखी गप्प. मॅडम म्हणाल्या, घरच्या वातावरणात येत असेल, घाई करू नका.

आणि संगीताने मला का सांगितलं नाही, की आत्याबाई टीव्हीतल्या बाईशी बोलतात? तिला मी नंतर हेच ओरडून विचारलं. तिचं उत्तर अगदी सरळ होतं. "मला काय ठाव! तुमीच टीव्हीत कायतरी टाकलाव म्हणलं मी. बोलायची शाळा. टीव्हीतलं सगळं तुमीच करताव न्हवं?"

म्हणजे ती समजत होती माझ्यामुळे, मी समजत होतो मॅडममुळे. दोघंही खूश होतो.

तो रविवार. मी ठरवून घरी थांबलो होतो. जेवणं झाली, माय बाजेवर भिंतीला टेकून बसली, संगीता आत भांडी घासत होती. भीमगीत चालू होतं आणि ऐन कडव्यात रमीची जाहिरात आली. माझं टाळकं सटकलं. म्हटलं, आज याला धुतोच. रिमोट घेतला आणि मायच्या शेजारी बाजेवरच बसलो. एकेक सेटिंग बंद करत गेलो. तिला सांगतही होतो, "हे बग माय, ही चहाडी बंद. ही रमी बंद. आता तुला नुस्ती गाणी." ती टीव्हीकडे बघत होती. साधारण तीन वाजता करंट गेला. त्या महिन्यात रोजच जायचा. टीव्ही आणि पंखा इन्व्हर्टरवर आहेत, चालू राहिले. एकच काम उरलं होतं – होम स्क्रीन 'फक्त ॲप्स' वर टाकणं. त्यासाठी मागे होम स्क्रीनवर आलो.

तिथे वरच्या मोठ्या चौकटीत एक जाहिरात चालू होती. एक बाई उंबऱ्यावर बसलेली. साधं लुगडं, डोक्यावर पदर, पुढ्यात सूप, सुपात तूर. ती तूर निवडत होती. मागे अंगणात एक कोंबडी फिरत होती. मी म्हटलं, डाळीची जाहिरात असणार. तुरीचाच मुलूख आपला, इथे दुसरं काय दाखवणार.

त्या बाईने मान वर केली आणि म्हणाली, "काय करायलीस ग?"

तुम्ही पुण्या-मुंबईकडचे असाल तर यात काय विशेष ते कळणार नाही. आमच्या भागात जाहिराती येतात त्या कन्नडमधून. नाहीतर हिंदीतून. मराठी आलीच तर ती शुद्ध, बातम्यांतली. आम्ही बोलतो ती मराठी – करायलीस, जायलाव, कामून – ही कुठल्याच जाहिरातीत, सिरीयलीत नसते. आमच्याशी आमच्या बोलीत कुणी काही विकायला येत नाही. मी रोज शेकडो जाहिराती बघणारा माणूस. आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. आणि तरी त्या क्षणी मला फक्त एवढंच वाटलं, की आता हे गावंढळ बोलूनही गळ्यात पडायला लागले!

दुसरी गोष्ट. विचारून झाल्यावर ती बाई गप्प बसली. जाहिरातीत कुणी गप्प बसत नाही हो. तिथे एकेका सेकंदाला मोल असतं. ही नुसती समोर बघत राहिली. मला वाटलं जाहिरात अडकली. पण बोटं तुरीत फिरत होती. कोंबडी दाणा टिपत होती. अडकलेली नव्हती. थांबलेली होती. समोरच्याला बोलायला वेळ लागतो हे माहीत असलेला माणूस थांबतो ना, तशी.

मी रिमोटवर पुढे-पुढे करत 'फक्त ॲप्स' वर पोचलो. तेवढ्यात मायचा डावा हात माझ्या मनगटावर पडला. घट्ट. आणि तिच्या तोंडून शब्द आला.

"थांब."

स्वच्छ. पूर्वीच्या आवाजात. आठ-नऊ महिन्यांनी मी माझ्या मायचा शब्द माझ्या कानांनी ऐकला. मला इतका आनंद झाला की मी हसायलाच लागलो. "संगे, माय बोलली ग!" असं ओरडलो. आणि मायला म्हणालो – आपण म्हणतो ना तसं, हातात काम असताना आई काही सांगायला लागली की म्हणतो तसं – "थांबतो, थांबतो माय. एवढं झालं की थांबतो."

आणि अंगठा दाबला.

पडदा स्वच्छ झाला. ओळीत सहा ॲप्स, मागे निळा रंग. मायने माझं मनगट सोडलं. तिचा चेहरा मी कसा लिहू? रागावली असती तरी चाललं असतं. ती पडद्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा पडद्याकडे. संगीता ओले हात पदराला पुसत धावत आली होती. तिने पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "ती बाई कुटं गेली?"

"कोण बाई?"

"तूरवाली. रोज येती की ह्या वक्ताला."

त्या दिवशी मला काही नीट समजलं नाही. मी म्हटलं, जाहिरात होती, काढली. दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमारास संगीताचा दुकानात फोन आला – लवकर या. पोचलो तर माय त्या निळ्या पडद्याकडे हात करून ओरडत होती. शब्द नव्हता, नुसता आवाज. जनावर हंबरतं तसा. तिला आवरता आवरता चार वाजले. मग ती भिंतीकडे तोंड करून पडली.

तेव्हा कुठे मी संगीताला समोर बसवून सगळं विचारून घेतलं. ती बाई करंट गेल्यावर यायची. गाणं बंद पडायचं, टीव्ही मागे होम स्क्रीनवर यायचा आणि थोड्या वेळाने तिचा आवाज ऐकू यायचा. रोज एकच प्रश्न नाही. एक दिवस "कशी हायस ग?", एक दिवस "हात कसा हाय?", एक दिवस "यंदा तूर कशी हाय तुमच्याकडं?" विचारायची आणि थांबायची. माय बोलेपर्यंत थांबायची. माय बोलली की "व्हय का" म्हणायची. पाच-सात मिनिटं, मग आवाज बंद.

"अगं पण कशाची जाहिरात होती?" मी विचारलं.

"कशाचीच न्हाई. नुस्ती बाई."

"खाली काही लिहिलेलं? नाव, नंबर?"

"मी भाकऱ्या करू का वाचत बसू? दारातून एक-दोनदा बगितलं. बाई वळखीची वाटली न्हाई. बोलणं मात्र आत्याबाईच्या माहेराकडचं वाटलं."

आणि मग संगीताने जे सांगितलं ते ऐकल्यापासून मला नीट झोप नाही. शनिवारी, म्हणजे मी जाहिरात काढली त्याच्या आदल्या दिवशी, त्या बाईने मायला काहीतरी विचारलं होतं. कुकरची शिट्टी झाली म्हणून संगीताला प्रश्न ऐकू आला नाही. मायचं उत्तर तेवढं ऐकू आलं. माय म्हणाली होती, "उद्या सांगते."

त्यानंतर मी काय काय केलं ते ऐकून तुम्ही हसाल. हसा. जाहिराती काढणाऱ्या माणसाने जाहिरात परत आणायचा उद्योग सुरू केला. सगळी सेटिंग्ज उलटी फिरवली. काही होईना म्हणून टीव्ही पूर्ण कोरा करून नव्याने चालू केला, दुकानातून आणल्यासारखा. तेव्हा तो पानामागून पान परवानग्या मागतो. मी जन्मात कधी वाचल्याशिवाय 'मान्य' दाबलं नव्हतं. आता सगळ्याला मान्य. माझा आवाज ऐक – मान्य. मी काय बघतो ते सांग – मान्य. मी कुठे राहतो ते सांग – सांग बाबा, सगळं सांग. आला जाहिरातींचा लोंढा. गादी, रमी, लोखंडी सळया, केसांचं तेल. आम्ही दोघं पाळीपाळीने दुपारी समोर बसायचो, डोळे फुटेपर्यंत. ती नाही.

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तिकडची मुलगी हिंदीत म्हणाली, सर, जाहिराती बंद करायला मी मदत करू शकते. मी म्हटलं, नाही, एक जाहिरात परत पाहिजे. ती म्हणाली, सर, अशी कुठलीही सोय नाही. तिचं काय चुकलं? मी बीदरच्या ओळखीच्या मेकॅनिकला विचारलं, तो म्हणाला, "अण्णा, आराम कर." ज्यांच्या ज्यांच्या घरी हेच मॉडेल बसवलंय त्यांना फोन केले – तूर निवडणारी बाई दिसली का? बहुतेकांनी उलट मलाच सांगितलं, "आमच्याकडच्या तर तुम्हीच काढलाव की सगळ्या."

शेवटी मुडबीला गेलो. मामा आहे माझा तिथे, मायचा धाकटा भाऊ. त्याला सगळं सांगितलं. गावात कधी जाहिरातवाले आले होते का, कुण्या बाईचं शूटिंग केलं का, विचारलं. कुणी आलं नव्हतं. मी बाईचं वर्णन केलं – मायची कुणी मैत्रीण, बहीण, गेलेली-राहिलेली? मामाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आरे, उंबऱ्यावर बसून तूर निवडणारी बाई घरटी एक हाय इथं. मी कुणाचं नाव सांगू तुला?" मग त्याने विचारलं, "अक्का खरंच बोलत होती का?" मी हो म्हटलं. तो तोंड फिरवून गोठ्याकडे निघून गेला.

आता तुम्ही म्हणाल, अण्णा, तू मेकॅनिक, तूच काहीतरी कारण काढ. काढलीत ना. सगळी काढली आणि सगळी पडली. माझा राउटर इन्व्हर्टरवर नाही. करंट गेला की आमच्या घरात नेट नसतं. त्या रविवारीही नव्हतं, हे मला मागाहून आठवलं – होम स्क्रीनवरच्या बाकी सगळ्या चौकटी राखाडी होत्या, फक्त ती एक चालू होती. मग ती येत कुठून होती? टीव्ही जुन्या जाहिराती पोटात साठवून ठेवतो हे मला माहीत आहे. पण साठवलेली जाहिरात रोज नवा प्रश्न विचारत नाही, आणि समोरच्या बाईचं बोलून होईपर्यंत थांबत तर नाहीच. संगीताला भास झाला म्हणावं तर त्या रविवारी मी स्वतः बघितली. मला भास झाला म्हणावं तर मायचे शब्द? तिच्या तोंडातून शब्द निघत होते ही गोष्ट शेजारच्या दोन बायकांनीही ऐकलीय. आणि सगळ्यात मला छळणारा प्रश्न हा, की जी नेटवरून येतच नव्हती ती माझ्या एका सेटिंगने गेली कशी? आणि गेली तर तेच सेटिंग उलटं केल्यावर परत का येत नाही? पंधरा वर्षं हेच शिकलो होतो, की जे बंद करता येतं ते चालू करता येतं.

मॅडमना मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी चांगुलपणाने ऐकलं. म्हणाल्या, तुम्हीच तसं विचारून बघा. तुमच्या बोलीत, सावकाश, आणि थांबा. आपण रुग्णाला वेळ देतच नाही, आपणच उत्तर सांगून टाकतो. त्यांचं खरं आहे. आठ महिने मी कार्डं दाखवत होतो, पाच मोजेपर्यंत वाट बघायचो आणि "गाय, माय, गाय!" म्हणून पुढचं कार्ड काढायचो. कुठल्या तरी गिऱ्हाइकाकडे जायचं असायचं.

मी जाहिराती काढायचं काम आता सोडून दिलंय. लोक कारण विचारतात, मी 'जमत नाही' म्हणतो. आमच्या टीव्हीवर सगळ्या चालू आहेत. करंटची वेळ आता बदललीय, दुपारी जात नाही. म्हणून मी तीन वाजता राउटर हाताने बंद करतो, मेन स्विचही पाडतो, आणि मायपाशी बसतो. दुपारी बंद केलेलं दुकान चार वाजता परत उघडतं, गावाला माहीत झालंय.

परवाची गोष्ट सांगतो आणि थांबतो. तीन वाजले होते. मेन पाडला, टीव्ही होम स्क्रीनवर. माय भिंतीला टेकून बसली होती. मी आतून सूप आणलं, सुपात पसाभर तूर घेतली आणि टीव्हीच्या पुढे, तिच्या समोर जमिनीवर बसलो. मला तूर निवडता येत नाही, नुसती बोटं फिरवत होतो. मान वर केली आणि विचारलं, "काय करायलीस ग माय?" आणि गप्प बसलो. घड्याळ बघितलं नाही. फोन दोनदा वाजला, घेतला नाही. संगीता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

मायचे ओठ हलले. तिने माझ्याकडे बघितलं... बराच वेळ, मायेने बघितलं. मग डावा हात बाजेवर टेकवून ती हळूहळू एका अंगाला झुकली. मला वाटलं पडतेय, मी उठायला लागलो. पण ती पडत नव्हती. माझ्यामुळे तिला टीव्ही दिसत नव्हता, म्हणून ती माझ्या मागे बघायचा प्रयत्न करत होती.

मी सूप उचललं आणि बाजूला झालो.